भरून ठेवलेली लिपो फुगली, गाडीत राहिलेली शून्यावर गेली. दोन्हींचं काय करू?

धायरीफाटा | रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. गणपती उठले, पाऊस ओसरला, म्हणून काल रिमोटवर चालणारी गाडी बाहेर काढली आणि डोक्याला हात लावला.

मार्चमध्ये मुलाची परीक्षा संपल्यावर त्याच्यासाठी (खरं तर निम्मी माझ्याचसाठी) एक-दशांश मापाची ब्रशलेस शॉर्ट कोर्स गाडी सेकंडहँड घेतली. सोबत दोन लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या आल्या. एक टू-एस (दोन सेलांची), ५००० मिलिअँपिअर-तासांची हार्डकेस, दुसरी थ्री-एस (तीन सेलांची), ५००० चीच साधी, मऊ पाकिटाची. चार्जर ८० वॅटचा, बॅलन्सवाला, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा. एप्रिल-मे नदीपात्राजवळच्या मोकळ्या जागेत मजेत गेले. जूनमधल्या एका शनिवारी रात्री दोन्ही फुल्ल चार्ज केल्या, रविवारी सकाळी जायचं म्हणून. पहाटे जो पाऊस लागला तो लागलाच. मग शाळा, मग वारी, मग चिखल, मग गणपती. गाडी राहिली ती राहिलीच.

टू-एस माळ्यावर खोक्यात होती. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्याचा माणूस दर वेळी बजावून जातो की बॅटरी कायम भरलेली ठेवा, उतरू दिली की मेली. तेच गणित मी इथे लावलं आणि निश्चिंत झोपलो. काल बघतो तर हार्डकेसची शिवण एका बाजूने उसवलेली. फटीत दहाची नोट आरपार जाते. गाडीच्या कप्प्यात बसेना, वरची पट्टी लागेना. चार्जरला लावून नुसते आकडे पाहिले: एक सेल ४.१४, दुसरा ४.०९. म्हणजे चार्ज अजून चांगला आहे!

थ्री-एस गाडीतच लावलेली राहिली होती. स्विच बंद होता, हे मी शपथेवर सांगतो. ती दिसायला कोरी करकरीत, कुठे फुगवटा नाही, पण चार्जर घेतच नाही, ‘लो व्होल्टेज’ म्हणून पीं पीं करतो. मीटरने मोजली तर सगळी मिळून १.९ व्होल्ट.

ही साडेचार हजारांची आहे हो. हिला जिवंत करता येईल का? एका व्हिडिओत निकेलच्या मोडवर दोन मिनिटं ढोसून उठवताना दाखवलंय. आणि फुगलेलीला टाचणीने बारीक भोक पाडून हवा काढली तर? घरात सध्या वातावरण तंग आहे. सौ. म्हणते, ते बॉम्ब आधी घराबाहेर काढा.

फुल थ्रॉटल | रविवार, सकाळी १०:१५

काका टेन्शन घेऊ नका. थ्री-एस निकेल मोडला ०.५ अँपिअरवर लावा, सेलमागे ३ व्होल्ट आले की काढून लिपो मोडला लावा. मी दोन पॅक असेच उठवलेत. फुगलेलं तर माझं एक पॅक गेलं वर्षभर चालतंय, पट्टीऐवजी वेल्क्रो लावलाय. टाचणी मात्र नको.

बाल्साकाका | रविवार, दुपारी १२:५०

धायरीफाटा, आधी एक काम करा, मग बाकीचं वाचा. दोन्ही बॅटऱ्या माळ्यावरून, कपाटातून, जिथे असतील तिथून काढून गच्चीत किंवा गॅलरीत मातीच्या कुंडीत ठेवा. कुंडी रिकामी हवी आणि वर वाळत घातलेले कपडे नकोत. ऊन आणि पाऊस लागणार नाही एवढं बघा. केलंत? आता बसा.

निकेल मोडबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण आमच्या गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर त्याचा पुरावा आहे. चांगला ताटाएवढा काळा डाग. हिने त्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे, पण पाणी घालताना कुंडी सरकली की डाग बाहेर डोकावतो आणि त्या दिवशी मला चहा उशिरा मिळतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. जुना चार्जर होता, बॅलन्सची वायर लावली नाही तरी मुकाट चालू व्हायचा. आदल्या दिवशी ट्रान्समीटरच्या निकेल बॅटऱ्या चार्ज केल्या होत्या, मोड तोच राहिला. मी टू-एस लावली, सुरूचं बटण दाबलं आणि खाली गॅसचा सिलिंडर घ्यायला गेलो. वर येईपर्यंत गॅलरी पांढऱ्या धुराने भरलेली. आधी फुस्स झालं असणार, मग जाळ. धूर घशाला असा झोंबला की दोन दिवस आवाज बसला.

कारण साधं आहे. निकेलची बॅटरी भरली की तिचं व्होल्टेज किंचित खाली येतं. चार्जर तेवढ्या उतरणीची वाट बघत असतो, ती दिसली की थांबतो. लिथियम ती उतरण कधी देतच नाही. मग तो बिचारा ढोसत राहतो, ४.२ च्या वर, ४.५ च्या वर, जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत. ‘दोन मिनिटांत काढतो’ म्हणणाऱ्याच्या घरी दोन मिनिटांनी दाराची बेल वाजते, हा माझा अनुभव.

आता इन्व्हर्टरचं. तुमचा माणूस चुकीचं सांगत नाही, पण तो शिशाच्या बॅटरीचं सांगतोय. ती उतरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं, म्हणून ती भरलेलीच हवी. आमच्या तरुणपणी मॉडेल विमानांत निकेल-कॅडमियम असायची, ती रिकामी करून ठेवली तरी कुरकुर करायची नाही. लिथियम या दोघींची कोणी लागत नाही. तिला भरून ठेवलं तरी सोसत नाही, उपाशी ठेवलं तरी सोसत नाही. अर्ध्या पोटी ठेवायची. सेलमागे ३.८० ते ३.८५. चार्जरवर ‘स्टोरेज’ म्हणून मोड असतो तो याच कामाचा. मी विचारतो त्यातले निम्मे लोक म्हणतात, तो कधी उघडलाच नाही.

माझा नियम असा: मैदानावर जायच्या दिवशी सकाळी चार्ज करायची, आदल्या रात्री नाही. टू-एस ५००० ला पाच अँपिअर लावले की तास-सव्वा तासात भरते. तेवढ्यात आंघोळ आणि पोहे होतात. आणि भरली आणि बेत फिसकटला, तर स्टोरेजला लावण्याआधी गाडी पार्किंगमध्ये सात-आठ मिनिटं पळवायची. लहान चार्जरांची उतरवायची ताकद पाच-दहा वॅटची असते, भरलेली थ्री-एस स्टोरेजला आणायला चार-पाच तास घेतात. सोसायटीचा वॉचमन आधी वैतागतो, मग रिमोट मागतो.

तुमची टू-एस संपली. आकडे चांगले दिसतात म्हणून भुलू नका. फुगलेली आणि भरलेली म्हणजे दोन्हींत वाईट, तिच्यात जाळायला माल शिल्लक आहे. हार्डकेसची शिवण उसवली म्हणजे आत बराच रेटा आलेला आहे. ती आता गाडीत नाही, चार्जरवर नाही. थ्री-एसबद्दल इथे आपली ‘मिलिओहम’ आहे, चाकणला रोज बॅटऱ्यांचाच छळ करते, ती नीट सांगेल.

मिलिओहम | रविवार, दुपारी ३:२०

काकांनी छळ म्हटलं ते बरोबर आहे, पगार त्याचाच मिळतो. :)

थ्री-एस आधी, कारण तिच्यातच तुमचा जीव अडकलाय. १.९ भागिले तीन, म्हणजे सेलमागे साधारण ०.६ व्होल्ट. प्रत्येक सेलमध्ये एका बाजूला तांब्याचा पातळ पत्रा असतो, ग्राफाइट त्याच्यावर लेपलेलं. सेल इतका खाली गेला की ते तांबंच इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही, फुगवटासुद्धा नसेल. पण तुम्ही पुन्हा चार्ज केलंत की ते विरघळलेलं तांबं नको त्या जागी जाऊन बसतं आणि आतल्या आत शॉर्ट व्हायची वाट तयार होते. कधी पहिल्याच चार्जला, कधी दहाव्या. फुल थ्रॉटलचे दोन पॅक उठले असतील, मला शंका नाही. बहुतेक २.५-२.८ ला असतील, तेही काही दिवसच. ०.६ ला पडलेला सेल वेगळा. तुमच्या दोन्हींत मला जास्त भीती या देखण्या थ्री-एसची वाटते, कारण हिला चार्ज करायचा मोह होतो.

स्विच बंद होता हे खरंच असेल. बऱ्याच ईएससींत (बॅटरी आणि मोटरमधला स्पीड कंट्रोलर) स्विच बंद केला तरी आतला सर्किट बोर्ड थोडा करंट ओढत राहतो. दोन मिलिअँपिअर धरा, तीन महिन्यांत चार हजारांवर मिलिअँपिअर-तास गेले. पुढचं सांगायला नको. म्हणून प्लग काढायचा, स्विचवर विसंबायचं नाही.

फुगते कशामुळे? सोनीने १९९१ साली पहिल्यांदा लिथियम-आयन सेल बाजारात आणले ते धातूच्या डब्यातले. अजूनही गोल सेलांना डबा असतो, आतला दाब वाढला तर सोडायला झडप असते. आपल्या पॅकला डबाही नाही आणि झडपही नाही. नुसतं ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट, चिवड्याच्या पुडीसारखं. सेल पूर्ण भरलेला असताना आतलं रसायन सगळ्यात चिडलेलं असतं, इलेक्ट्रोलाइटला थोडं थोडं खात राहतं आणि त्यातून गॅस होतो. उष्णता असेल तर हे सगळं भराभर. तीन महिने ४.२ ला राहिली म्हणजे तीन महिने हा कारखाना चालू होता. पाकिटाला जायला जागा नाही, म्हणून ते टम्म.

टाचणी अजिबात नाही. त्या इलेक्ट्रोलाइटमधलं मीठ हवेतल्या दमटपणाला लागलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. काकांचा आवाज दोन दिवस बसला तो थोडक्यात वाचले म्हणून. शिवाय टाचणी दोन थरांतून गेली की तुम्ही स्वतःच शॉर्ट केलात.

माळ्याबद्दल एक. शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालच्या माळ्यावर हात लावून बघा. तिथे बॅटरी ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवणं. सगळ्यात खालचा कप्पा बरा. बंद कारमध्ये तर एप्रिलच्या दुपारी मुळीच नको.

फुल थ्रॉटल | रविवार, दुपारी ४:०५

मान्य, तांब्याचं माहीत नव्हतं. पण माझं फुगलेलं पॅक खरंच वर्षभर चालतंय. मग मी काय रोज मरतोय का? सगळेच एवढं घाबरवतात की नवीन माणूस हॉबीच सोडेल.

बाल्साकाका | रविवार, सायंकाळी ५:३०

घाबरवत नाही रे बाबा. मी स्वतः आठवड्यातून तीनदा पळवतो. तुझ्या पॅकचा रेझिस्टन्स, म्हणजे सेलांचा आतला अडथळा, चार्जरवर बघ आणि इथे लिही. नवं असताना ५००० च्या सेलला चार-पाच मिलिओहम येतात. तुझे पंचविसावर गेले असणार. म्हणजे थ्रॉटल दिलास की निम्मा जोर बॅटरीच पिते आणि तापते. सांग, पळवून आणल्यावर हातात धरवतं का?

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. प्रत्येक पॅकवर मार्करने नंबर, वहीत त्याचं पान. तारीख, किती मिलिअँपिअर-तास परत गेले, महिन्यातून एकदा रेझिस्टन्स. नात म्हणते, आजोबा बॅटऱ्यांची पत्रिका मांडतात. मांडतो. सात नंबरच्या पॅकला जानेवारीत सहा होते, मेमध्ये अकरा, ऑगस्टमध्ये अठरा. तिथेच कळलं, आता हिला निरोप द्यायचा. फुगेपर्यंत थांबायची गरज पडली नाही.

धायरीफाटा, अजून दोन गोष्टी, कारण गाडी सेकंडहँड आहे. ईएससी लिपो मोडवर आहे का ते तपासा. आधीच्या मालकाने निकेलवर ठेवली असेल तर ती गाडी बॅटरी कितीही खाली गेली तरी थांबणार नाही. आणि लिपो मोड असला तरी बहुतेक ईएससी पूर्ण पॅकचं व्होल्टेज बघते, एकेका सेलचं नाही. टू-एसला ६.४ ला थांबते असं धरा, तर ते ३.२ आणि ३.२ असू शकतं, तसंच ३.६ आणि २.८ सुद्धा. तुमच्या सेलांत ०.०५ चा फरक पडलाच होता. शे-दोनशे रुपयांत बॅलन्सच्या वायरीत खोचायचा अलार्म मिळतो, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारा. ३.५ ला लावून ठेवा. पण गाडी थांबली की तो उपटून काढा. लावून विसरलात तर तोच बॅटरी पितो, आणि तोही सगळ्या सेलांतून सारखा नाही.

सगळा रस पिळायचा नाही. ५००० च्या पॅकमधून चार हजार काढले की घरी. उंच गवतात पळवलीत तर त्याआधीच, कारण गवतात मोटर दुप्पट खाते.

धायरीफाटा | रविवार, रात्री ८:१०

सगळ्यांचे आभार. ‘साडेचार हजार’ हा शब्द आज घरात मी उच्चारायचा नाही असं ठरलंय.

दोन्ही बॅटऱ्या दुपारीच गच्चीत कुंडीत गेल्या. एकावर एक नाही, दोन कुंड्या. पण आता टाकायच्या कशा? घंटागाडीत देणार नाही एवढं मला कळतं. कोणी म्हणतं मिठाच्या पाण्यात बुडवा.

मिलिओहम | रविवार, रात्री ८:३५

घंटागाडीत खरंच नको. पुढे तो कचरा दाबतात आणि दाबताना पाकीट फुटलं की आग, आणि ती विझवायला जातो तो बिचारा कुणीतरी भलताच. मिठाच्या पाण्यात टोकं आधी गंजतात, बॅटरी आत भरलेलीच राहते आणि आपल्याला वाटतं संपली.

बल्ब लावा. स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा, तारेचा, जुन्या पद्धतीचा. एलईडी नको, ती मध्येच थांबते. भरलेल्या टू-एसवर तो साधारण दीड अँपिअर ओढेल, म्हणजे साडेतीन-चार तास. विझला तरी रात्रभर लावून ठेवा. थ्री-एसला तसाच एक दिवसभर, पेटणार नाही, तरी लावा. मग टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे. देताना लिथियम आहे, फुगलेली आहे, असं तोंडाने सांगा.

बाल्साकाका | रविवार, रात्री ८:५०

आणि बल्ब प्लॅस्टिकवर टेकू देऊ नका. तो हातभाजू तापतो. माझी एक बादली गेली आहे.

धायरीफाटा | मंगळवार, रात्री १०:०५

अहवाल देतो. काल गुरुजींच्या दुकानातून, म्हणजे आमच्या स्कूटरवाल्याकडून, होल्डरसकट दोन बल्ब आणले. आज घरूनच काम होतं म्हणून सव्वापाचला सुरू केलं. मुलाने वहीत लिहायला घेतलं (काका, तुमची पत्रिका आमच्याकडेही आली). ५:१५ ला ८.०, ६:१५ ला ७.६, ७:१५ ला ७.४. बल्ब पांढऱ्याचा पिवळा झाला. समोरच्या गच्चीवरच्या काकू विचारून गेल्या की आकाशकंदील इतक्यात कशाला लावलाय. आठच्या सुमाराला केशरी, आणि ८:५० ला एकदम ढासळला. नुसती तांबडी तार दिसत होती. आता तीही नाही. तसाच ठेवलाय रात्रभर. हार्डकेस गार आहे, फट तेवढीच.

ईएससी पाहिली. काका, निकेल मोडवर होती. म्हणजे आम्ही एप्रिल-मेमध्ये दोन महिने ‘गाडी पार थकेपर्यंत’ पळवत होतो आणि मुलगा अभिमानाने सांगायचा की आपली गाडी मध्येच थांबत नाही.

चार्जिंगची जागाही ठरली. गॅलरीत फरशीवर, पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला वरून कापून, तळाला वाळू. शेजारी बांधकाम चालू आहे, बादलीभर वाळू मागून आणली. झाकण ठेवू का?

नवं पॅक एकच घेणार, टू-एस. दुकानदार डीन्स आणि एक्सटी-६० दोन्ही प्लग देतो म्हणाला. गाडीला सध्या डीन्स आहे आणि ते इतकं घट्ट बसतं की काढताना वायरच ओढली जाते. काय घेऊ?

बाल्साकाका | मंगळवार, रात्री १०:२०

झाकण नुसतं वर टेकवा, घट्ट लावू नका. धुराला वाट हवी, नाहीतर डब्याचा फटाका होतो.

एक्सटी-६० घ्या आणि गाडीचंही बदला. प्लगचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांत खोचून मग सोल्डरचा डाग द्या, नाहीतर प्लॅस्टिक मऊ पडून पिन वाकडी होते. आणि पुढेमागे बॅटरीच्या बाजूचा प्लग बदलायची वेळ आली तर दोन्ही वायरी एकदम कापू नका. कात्रीचं पातं दोन्हींना एकदम लागलं की तिथेच दिवाळी. एक कापायची, जोडायची, तिच्यावर नळी चढवायची, मगच दुसरीला हात लावायचा.

फुल थ्रॉटल | मंगळवार, रात्री ११:४५

रेझिस्टन्स बघितला. एक सेल ३१, दुसरा ४४. धायरीफाटा, तो दुसरा बल्ब रिकामा असेल तर द्याल का?